घरभाडं वाचतंय म्हणून एकत्र राहायला जायचं का?

पाऊलवाट

खूप दिवस लिहू की नको चाललं होतं, शेवटी आज लिहितेय. थोडं लांबेल.

माझं वय ३४. गेली सात वर्षं एकटी राहतेय आणि मजेत राहतेय, हे आधीच सांगते कारण पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की बिचारी एकटी पडलीये. सकाळी उठल्यावर पहिला अर्धा तास मला कुणाशी बोलायचं नसतं आणि बोलावं लागत नाही. रात्री दोनला दिवा लावून वाचत बसले तरी कुणाची झोपमोड होत नाही. पण हे आपोआप नाही झालं, पहिली दोन वर्षं रविवारची संध्याकाळ अक्षरशः अंगावर यायची, उगाच कुणाकुणाला फोन लावत सुटायचे. हळूहळू जमलं. म्हणजे हे एकटं राहणं मी कमावलंय असंच मला वाटतं.

दीड वर्षापासून एक जण आयुष्यात आहे. माणूस चांगला आहे. भांडणं होतात, मिटतात, अबोला धरून बसत नाही तो. आठवड्यातले तीन-चार दिवस माझ्याकडेच असतो, टूथब्रश इथे, चार्जर इथे, निम्मे कपडे इथे. आता दोन महिन्यांनी त्याच्या घराचा करार संपतोय आणि घरमालकाने भाडं वाढवून मागितलंय, तर परवा भांडी पुसता पुसता तो अगदी सहज म्हणाला की मग मी इकडेच येतो ना, तसाही असतोच, दोन-दोन भाडी कशाला भरायची.

हिशोबाने चूक काहीच नाही. पण मला एकदम गप्प व्हायला झालं. "बघू" म्हणाले. त्याला ते लागलं, चेहऱ्यावर दिसलंच, आणि तेव्हापासून दोघंही त्या विषयाला हात लावत नाही आहोत.

आता डोक्यात गोंधळ असा की मला एकटं राहायची इतकी सवय झालीये का की आता कुणीच चालणार नाही? की मला तोच नकोय आणि मी ते कबूल करत नाहीये? की फक्त त्याने ज्या पद्धतीने विचारलं ते खटकलं? एक मैत्रीण म्हणते चौतिसाव्या वर्षी एवढा चांगला माणूस हातचा घालवू नकोस. दुसरी म्हणते राहून बघ ना, नाही पटलं तर निघा, लग्न थोडीच करतेयस. दोघींचंही ऐकून बरं वाटलं नाही. ज्यांनी हे केलंय, किंवा ठरवून केलेलं नाहीये, त्यांनी प्लीज लिहा.

झुळूक

"नाही पटलं तर निघा" हे मलाही सांगितलं होतं आणि मी ते खरं मानलं होतं, म्हणून लगेच लिहायला बसले.

माझ्या घराच्या छताला गळती लागली म्हणून दोन आठवडे त्याच्याकडे राहायला गेले. ते दोन आठवडे चार वर्षं चालले. कुणीच काही ठरवलं नाही, नुसतं होत गेलं. सहाव्या महिन्यातच कळलं होतं की मला मूल हवंय आणि त्याला अजिबात नकोय, आणि दोघांनाही मनातून वाटत होतं की समोरचा बदलेल. वेगळ्या घरांत राहत असतो तर तेव्हाच थांबलो असतो, रडलो असतो, आणि वर्षभरात सावरलो असतो. पण एका घरात राहताना ब्रेकअप म्हणजे घर शोधा, डिपॉझिट जमवा, फ्रिज कुणाचा, पलंग कुणाचा, हप्ता कुणाच्या नावावर, आणि मांजर कुणाकडे. मांजरासाठी मी आठ महिने जास्त राहिले, हे आज सांगताना पण जीव जड होतो. माझी तिशीतली महत्त्वाची वर्षं त्यात गेली.

नंतर वाचताना कळलं की यावर अभ्यास झालाय. डेन्व्हर विद्यापीठातले स्कॉट स्टॅन्ली आणि गॅलेना ऱ्होड्स यांनी २००६ मध्ये मांडलं होतं की काही जोडपी ठरवून एकत्र येतात आणि काही घसरत घसरत येतात. आणि एकदा एकत्र राहायला लागलं की जडत्व येतं, म्हणजे नातं जितकं घट्ट झालेलं असतं त्याच्यापेक्षा बाहेर पडणं जास्त अवघड होऊन बसतं, आणि मग जे लोक एरवी वेगळे झाले असते ते तसेच पुढे लग्नापर्यंत वाहत जातात. मी ते वाचून बराच वेळ नुसती बसून होते.

तुला जाऊ नकोस असं मी म्हणत नाहीये. पण त्याने भाड्याबद्दल विचारलंय, तुझ्याबद्दल नाही विचारलेलं. तुझ्या घशात अडकलंय ते हेच असावं.

सागरगोटा

झुळूकताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, पण दुसरी बाजू पण यायला हवी म्हणून लिहितो.

आम्ही दोघं लग्नाआधी तीन वर्षं एकत्र राहिलो, आता लग्नाला नऊ वर्षं होतील. आधी एकत्र राहिलं की नंतर घटस्फोट जास्त होतात असं जे पूर्वीपासून सांगितलं जातं त्याच्यावर एरिएल कूपरबर्ग या समाजशास्त्राच्या अभ्यासिकेने २०१४ मध्ये चांगलं काम केलंय. तिने लग्नाचं वय न धरता एकत्र राहायला सुरुवात कुठल्या वयात केली ते धरलं, आणि तसं बघितल्यावर बराचसा फरक नाहीसा झाला. म्हणजे खरा धोका फार लहान वयात संसार थाटण्यात आहे, मग तो लग्न करून थाटा नाहीतर न करता. अर्थात यावर सगळ्यांचं एकमत नाहीये, नंतरच्या काही अभ्यासांत परत फरक दिसलाय, पण ३४ व्या वर्षी विचार करून पाऊल टाकणाऱ्या बाईला १९ वर्षांच्या मुलांचे आकडे दाखवून घाबरवू नये एवढंच म्हणणं.

झुळूकताईंचं एक मात्र शंभर टक्के पटतं, "राहून बघू" हे कारण वाईट. त्याच डेन्व्हरच्या लोकांनी २००९ मध्ये जोडप्यांना विचारलं होतं की एकत्र राहायला का गेलात. सगळ्यात जास्त उत्तर आलं ते एकमेकांसोबत जास्त वेळ मिळावा म्हणून, आणि सोय म्हणून हे त्याच्यामागे. पण जे नातं तपासून बघायला गेले होते त्यांच्यात कुरबुरी जास्त आणि नात्यावरचा भरवसा कमी निघाला. मला हे साहजिक वाटतं, तपासून बघावंसं वाटतंय म्हणजे शंका आधीच आहे ना, आणि रोज कुणी आपल्याला मार्क देतंय असं वाटत असेल त्या घरात माणूस मोकळा कसा होईल.

आम्ही जायच्या आधी एक अख्खी संध्याकाळ बसून बोललो होतो. फार अवघडल्यासारखं झालं होतं, खर्च कसा वाटायचा, कुणाचे पाहुणे किती दिवस, भांडण झालं तर झोपायचं कुठे, वेगळं व्हायची वेळ आली तर घर कुणी सोडायचं. शेवटच्या प्रश्नाला ती रडली होती. पण त्या संध्याकाळीच मला कळलं होतं की हिच्याशी कठीण बोलता येतं.

निळी शाई

मी ५२ वर्षांची, लग्न केलं नाही, कुणासोबत राहिले नाही. दोनदा संधी होती, दोन्ही वेळा विचार करून नाही म्हटलं. तू "ठरवून केलेलं नाहीये त्यांनी लिहा" म्हणालीस म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट, "आता कुणीच चालणार नाही" ही भीती मनातून काढ. एकटं राहणारी माणसं माणूसघाणी होत जातात हा फार जुना समज आहे. अमेरिकेत नातालिया सार्किसियन आणि नाओमी गर्स्टेल यांनी २०१६ मध्ये दाखवलंय की लग्न न केलेले लोक आईवडील, भावंडं, मित्र, शेजारी यांच्याशी लग्न झालेल्यांपेक्षा जास्त संपर्क ठेवतात, मदत करतात आणि घेतात. माझं आयुष्य अगदी असंच आहे. माझ्या घराची किल्ली चार लोकांकडे आहे.

आणि लग्न झालं की माणूस सुखी होतो त्याचं पण तसंच. जर्मनीत हजारो लोकांना वर्षानुवर्षं तेच तेच प्रश्न विचारून रिचर्ड लुकास वगैरेंनी २००३ मध्ये लिहिलं होतं की लग्नाच्या आसपास समाधान थोडं वाढतं आणि मग सरासरी माणूस काही वर्षांत आपल्या मूळच्या पातळीवर परत येतो. सरासरी हं, कुणी वर राहतं कुणी खाली जातं. पण तू आत्ता समाधानी आहेस ही तुझी मूळची पातळी आहे, ती कुणी येऊन दिलेली नाही आणि कुणी न आल्याने जाणार नाही.

पण मला फक्त गोड बोलायचं नाहीये. तीन वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर "नातं" असा रकाना होता आणि सोबत आली होती माझी मैत्रीण, तीस वर्षांची मैत्री. काउंटरवरचा माणूस म्हणाला नातेवाईक आणा. ती तिथेच उभी राहिली, हलली नाही, शेवटी दुसऱ्या गावाहून माझ्या भावाने फोनवर सांगितलं तेव्हा पुढचं झालं. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की एकटं राहण्याची तयारी नुसत्या मनाची असून भागत नाही, कागदावरही करावी लागते. मग मी मृत्युपत्र केलं, आजारपणात माझ्या वतीने कुणी निर्णय घ्यायचे ते लिहून ठेवलं, बँकेत नॉमिनी बदलला, इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून तिचं नाव टाकलं. हे तू कुणासोबत राहिलीस तरी कर आणि नाही राहिलीस तरी कर.

आणखी एक. तुझ्या पहिल्या मैत्रिणीचं वाक्य, की चौतिसाव्या वर्षी हातचा घालवू नकोस, ते प्रेमाने म्हटलेलं असेल पण ते भीतीचं वाक्य आहे. टोरोंटो विद्यापीठात स्टेफनी स्पीलमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याच भीतीचं मोजमाप केलं होतं. एकटं पडण्याची भीती ज्यांना जास्त, ते नात्यात समाधान नसलं तरी अडकून राहतात आणि जोडीदार निवडताना कमी प्रतीचं चालवून घेतात असं त्यात निघालं, आणि हे बायकांना जेवढं लागू तेवढंच पुरुषांनाही. तुला ती भीती फारशी दिसत नाही. उलट मला वाटतं तू ज्याच्यासोबत राहशील त्याच्यासोबत तू खरोखर हवं म्हणून राहशील, एकटं राहता येत नाही म्हणून नाही. हे त्याला सांग. त्याला कदाचित तुझ्या "बघू"चा अर्थ उलटा लागला असेल.

पाऊलवाट

निळी शाई, तुमचं दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना डोळे भरून आले. हॉस्पिटलचं वाचून तर मी आजच माझ्या फोनमधला इमर्जन्सी कॉन्टॅक्ट बघितला, तिथे सात वर्षांपूर्वीच्या रूममेटचा नंबर आहे, आता आम्ही बोलत पण नाही.

झुळूक, तू म्हणालीस ते बरोबर वाटतंय, की माझ्याबद्दल विचारलंच नाही. पण मग असंही वाटतं की मी उगाच फार अपेक्षा करतेय का. आणि एक विचारायचं राहिलंच होतं, माझ्या डोक्यात जोडीदाराची जी यादी होती त्यातल्या तीन-चार गोष्टी त्याच्यात अजिबात नाहीत. वाचत नाही तो. प्रवास आवडत नाही. मला वाटायचं या गोष्टींशिवाय जमणारच नाही.

अर्धविराम

यादीबद्दल मी बोलतो, कारण माझी यादी एक्सेलमध्ये होती.

चार वर्षं डेटिंग ॲपवर होतो. उंची, शिक्षण, वाचन, संगीत, सगळ्याला गुण द्यायचो आणि प्रत्येक वेळी वाटायचं पुढची अजून बरी असेल. त्यात एक गणिती नियम वाचला होता की उमेदवार एकामागून एक येत असतील आणि नाकारलेल्याकडे परत जाता येत नसेल तर पहिले ३७ टक्के नुसते बघून सोडून द्यायचे आणि मग त्या सगळ्यांपेक्षा सरस असा पहिला जो येईल तो घ्यायचा. गणित बरोबर आहे. पण त्यात धरलेलं असतं की एकूण किती जण येणार ते माहितीये, समोरचा कधी नाही म्हणत नाही, आणि भेटल्या भेटल्या बरोबर क्रमांक लावता येतो. यातलं काहीही माणसांच्या बाबतीत खरं नाही. मी दोन चांगल्या मुलींना या असल्या विचारात गमावलं आणि त्यातल्या एकीला दुखावलं पण, त्याचं अजून वाईट वाटतं.

नंतर पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांचं २००८ चं काम वाचनात आलं. लोकांना आधी विचारलं तुम्हाला जोडीदारात काय हवं, मग स्पीड डेटिंगमध्ये प्रत्यक्ष भेटवलं. कागदावर जे हवं म्हणून लिहिलं होतं त्यावरून प्रत्यक्षात कोण आवडेल ते सांगता येईना. आणि २०२० मध्ये समांथा जोएल आणि बऱ्याच संशोधकांनी मिळून ४३ वेगवेगळे अभ्यास आणि ११,१९६ जोडप्यांची माहिती एकत्र करून बघितली, त्यात माणूस स्वतः कसा आहे यापेक्षा नातं कसं आहे याचा समाधानाशी जास्त संबंध निघाला. म्हणजे समोरचा या नात्याला किती बांधलेला आहे असं मला वाटतं, तो माझी कदर करतो का, भांडणं किती होतात, असल्या गोष्टी. वाचनाची आवड वगैरे फार मागे पडतं.

तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की अबोला धरून बसत नाही. माझ्या एक्सेलमध्ये तो कॉलमच नव्हता. माझ्या आईवडिलांचे अबोले दहा-दहा दिवस चालायचे, त्या घरात मी वाढलो, आणि तरीही मी उंचीला गुण देत बसलो होतो.

यादीतल्या दोन-तीन गोष्टी मात्र सोडू नका असं मला वाटतं. मूल हवं की नको, पैसा कसा वापरायचा, आणि रागावल्यावर माणूस कसा वागतो. बाकीचं एकत्र राहताना जुळतं, किंवा न जुळताही चालतं. तो वाचत नसेल तर तुम्ही रात्री दोनला दिवा लावून शांतपणे वाचू शकता, फक्त दिवा दुसऱ्या खोलीत हवा.

कलमकागद

भावनेचं सगळ्यांनी छान लिहिलंय, मी कागदाचं लिहितो कारण माझं रोजचं काम ते आहे आणि लोक वेगळे होताना माझ्यासमोर येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

एकत्र राहिलं की काही वर्षांनी आपोआप लग्नासारखे हक्क मिळतात, हा समज जगभर आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो चुकीचा आहे. इंग्लंडमध्ये तर यासाठी "कॉमन लॉ मॅरेज" असा शब्दच लोकांच्या तोंडी आहे, पण कायद्यात तसं काही नाही, वीस वर्षं एकत्र राहून जोडीदार मृत्युपत्र न करता गेला तर मागे राहिलेल्याला वारसा हक्काने आपोआप काही मिळत नाही, कोर्टात दाद मागावी लागते. स्वीडनमध्ये एकत्र राहणाऱ्यांसाठी २००३ चा वेगळा कायदा आहे, वेगळं होताना दोघांच्या वापरासाठी म्हणून घेतलेलं घर आणि घरातलं सामान निम्मं-निम्मं वाटलं जातं, पण वारसा तिथेही आपोआप नाही. फ्रान्सने १९९९ मध्ये लग्नाशिवायचा नोंदणी करार आणला. भारतात २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात "विवाहसदृश नातं" धरलेलं आहे, त्यामुळे संरक्षण आणि पोटगी मागता येते, पण सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय की नुसतं शनिवार-रविवार सोबत राहणं त्यात बसत नाही. आणि उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची आहे. म्हणजे तुम्ही कुठे राहता त्यावर सगळं अवलंबून, तिथला नियम आधी बघा.

पाऊलवाट, तुमच्या बाबतीत साधी गोष्ट, तो तुमच्या घरी येणार म्हणजे करार तुमच्या नावावर, त्याला काहीच हक्क नाही, आणि भाडं चुकलं तर जबाबदारी एकट्या तुमची. हे दोघांनाही बरं नाही. करारात दोघांची नावं घाला किंवा नवीन घर घ्या. मोठी वस्तू घेताना पैसे कुणी दिले त्याची पावती ठेवा. एकमेकांवर विश्वास नाही म्हणून नव्हे, चार वर्षांनी कुणालाच आठवत नाही म्हणून.

झुळूक

कलमकागद यांचं शेवटचं वाक्य अगदी खरं. फ्रिजचे पैसे कुणी दिले होते यावर आमचा दोन तास वाद झाला होता आणि दोघंही प्रामाणिकपणे वेगवेगळं आठवत होतो.

पाऊलवाट

दहा दिवसांनी लिहितेय, सगळ्यांनी विचारलं म्हणून.

शनिवारी बोललो. मीच विषय काढला, सांगितलं की तू भाड्याचं म्हणालास तेव्हा मला वाटलं मी तुझ्यासाठी सोयीची जागा आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की त्याला खरं तर चार महिन्यांपासून विचारायचं होतं, पण मी माझ्या एकटं राहण्याबद्दल इतक्या प्रेमाने बोलते की मी नाही म्हणेन याची त्याला खात्रीच होती, आणि भाड्याचं निमित्त मिळालं तर नकार आला तरी तो भाड्याला आला असं समजता येईल. मला हे सुचलंच नव्हतं. मी माझ्या एकटेपणाबद्दल बोलताना समोरच्याला दार बंद दिसतंय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग निळी शाई यांचं सांगितलं त्याला, माझ्या शब्दांत, की मला एकटं राहता येतं म्हणूनच मी तुझ्यासोबत राहीन तर हवं म्हणून राहीन.

ठरलं ते असं. आत्ता तो इकडे येणार नाही. त्याने सहा महिन्यांसाठी करार वाढवून घेतलाय, वाढीव भाड्याचा फरक दोघांनी निम्मा-निम्मा भरायचा असं मी म्हणाले, आधी तो नको म्हणाला पण मी ऐकलं नाही, कारण भाड्यापायी घाई झाली असं आमच्यात पुढे कधी यायला नको. सहा महिन्यांनी जायचंच ठरलं तर माझ्या घरी नाही आणि त्याच्याही नाही, तिसरं घर, दोघांच्या नावावर, आणि त्यात एक दार लावता येणारी खोली माझ्यासाठी. खोलीचं त्याने स्वतःहून सांगितलं.

खर्चाचं बोलून झालं. रागावल्यावर कोण कसं वागतं तेही झालं, तिथे मीच जास्त दोषी निघाले, मी विषय टाळते. मुलांचा विषय निघाला तेव्हा मात्र दोघांनाही नीट सांगता येईना, तो म्हणाला बहुतेक हवं, मी म्हणाले बहुतेक नको, आणि त्या "बहुतेक"वर आम्ही रात्री एकपर्यंत होतो. अजून संपलेलं नाहीये. येत्या रविवारी परत बसतोय.

इमर्जन्सी कॉन्टॅक्ट बदललाय. बहिणीचं नाव टाकलंय, आणि दुसरं त्याचं.